काटेसाहेबांचा तांबडा दिवा

बाजारात त्यांना सगळे काटा म्हणत. तोंडावर काटेसाहेब, पाठ वळली की नुसताच काटा. नव्या दुकानदाराला ते आडनावच वाटायचं. "या काटेसाहेब, बसा काटेसाहेब," असं तो अदबीनं म्हणायला लागला की शेजारचा दुकानदार तोंड फिरवून हसू दाबायचा. ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानांमधले तराजू, वजनं, मापं तपासायची. खरी असली तर शिक्का मारायचा, खोटी असली तर उचलून न्यायची. उभा जन्म त्यांनी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं.

या कामात माणूस साधा राहत नाही. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांनी पाहिलं होतं. आतून पोखरून लाकडाचा भुसा भरलेली वजनं पाहिली होती, तेलाच्या मापाच्या तळाशी चढवलेला मेणाचा थर पाहिला होता. एका खाटकानं पारड्याला बारीक तार बांधून तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं होतं. मांस तोलताना तो गाणं गुणगुणायचा आणि तालावर पाय हलवायचा. काटेसाहेबांनी त्याचं अख्खं गाणं ऐकून घेतलं आणि मग चप्पल काढायला सांगितली. जो दुकानदार जास्त हसतो त्याचा तराजू आधी बघायचा, असा त्यांचा नियम होता.

हा नियम घरीही यायचा. जावई पहिल्यांदा घरी आला तो हसतमुख. त्यामुळे बिचाऱ्याला साहेबांनी कित्येक महिने नीट बोलू दिलं नाही. त्यांची बायको बालवाडीत शिकवायची, सगळे तिला बाई म्हणत. बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "मला लग्नात तोलून घेतली नाही, एवढंच माझं नशीब." त्यावर काटेसाहेब मान वर न करता म्हणायचे, "अंदाज घेतला होता."

आजार आला तोही तराजूवरच. एका लोखंडी सामानाच्या दुकानात ते खिळे तोलून बघत होते. हाततराजू उचलून धरला, वजन टाकलं, खिळे टाकले, पण मधला काटा काही केल्या स्थिर होईना. त्यांनी दांडी तपासली, साखळ्या तपासल्या, पारडी पुसली. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. साहेबांचा चेहरा उजळला, कारण या म्हाताऱ्या दुकानदारावर त्यांचा जुना डोळा होता. म्हातारा काही वेळ बघत राहिला आणि मग गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "साहेब, काटा ठीक आहे. हात हलतोय."

साहेबांना ती त्याची नवी युक्ती वाटली. तराजू जप्त करून ते पुढच्या दुकानात गेले. तिथलाही काटा थरथरला. त्या दिवशी बाजारातला एकही तराजू त्यांच्या हातात सरळ राहिला नाही. संध्याकाळी त्यांनी म्हाताऱ्याचा तराजू परत नेऊन दिला. माफी मागितली नाही, पण शिक्का ताजा मारून दिला.

पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. जुने लोक ज्याला कंपवात म्हणत. गोळ्या सुरू झाल्या, नोकरी संपली. गोळ्यांनी हात बऱ्यापैकी ताब्यात आला, दिवस सावरला. रात्र मात्र हातची गेली. कूस बदलायची म्हटली तर अंग ओंडक्यासारखं पडून राहायचं, सुती चादर अंगाला धरून ठेवायची, पाय आपोआप वळवळायचे. दिवसा उलट, घास हातात असताना मान खाली पडायची. आणि त्यात स्वप्नं. झोपेत माणूस स्वप्न बघतो तेव्हा शरीराला जणू कडी लावलेली असते, डॉक्टरांनी समजावलं होतं. या आजारात ती कडी निसटते आणि स्वप्नात जे चाललंय ते हातपाय खरोखर करायला लागतात. आता काटेसाहेबांच्या स्वप्नात दुसरं काय चालणार? धाडी. पळणारे दुकानदार, लपवलेली वजनं, "थांब, दाखव तो हात!" अशी आरडाओरड. अशाच एका धाडीत त्यांनी एका लबाडाला कोपऱ्यात गाठलं आणि काडकन कानशिलात लगावली. जाग आली तेव्हा बाई अंथरुणात उठून बसल्या होत्या, एका डोळ्यावर तळहात दाबून.

डोळा काळानिळा झाला. बाई सगळ्यांना सांगत सुटल्या, कपाटाचं दार लागलं. तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवणारी एक मुलगी होती. तिच्याकडून बाईंनी मलम आणलं, आणि जिन्यात तिनं बाईंना थांबवलं. "काकू, काही असेल तर मला सांगा हं. मी कुणाला बोलणार नाही."

काटेसाहेब वरच्या वळणावर कठडा धरून उभे होते. मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर त्यांच्या पुरत्या ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनी लोकांकडे अशीच नजर लावली होती. तिच्यासमोर उभं राहणं कसं असतं, हे मात्र त्यांना त्या जिन्यात कळलं. काही तरी खुलासा करावा म्हणून तोंड उघडलं, पण 'मी झोपेत होतो' हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं लंगडं वाटलं की ते तसेच वर गेले. त्याच दिवशी त्यांनी बाईंचा पलंग इस्त्रीच्या खोलीत हलवायला लावला.

मग झोपेच्या आजारांची डॉक्टरीण आली. वयानं लहान, पायात पळायचे बूट, बोलणं मोजकं. तिनं आधी घराची चौकशी केली. पलंग ठेंगणा करा, पलंगाशेजारी जमिनीवर जाड गादी टाका, उशाजवळचं टोकदार टेबल हलवा. चादरीच्या मधल्या भागात सॅटिनचा पट्टा शिवून घ्या, म्हणजे कंबर सरकेल आणि कूस बदलता येईल. हे सगळं बाईंनी लगेच केलं, आणि साहेबांनीही कुरकुर न करता मान्य केलं, कारण सॅटिन घसरतं यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पुढचं मात्र तसं नव्हतं.

"तुमच्या गोळ्या आधीच पुष्कळ आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "झोपेची आणखी एक वाढवली आणि सकाळी गुंगीत पडलात तर? त्यापेक्षा एक दिवा आहे. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर त्याच्यासमोर बसायचं. शरीराचं घड्याळ विस्कटलंय, ते उजेडानं जागेवर येतं का, असा अभ्यास चाललाय. दिवा आम्ही देऊ."

"किती पडतील?"

"काही नाही. फुकट."

काटेसाहेब खुर्चीत सरळ झाले. "मग विकता काय?"

"विकत नाही. तपासतोय."

तपासतोय म्हटल्यावर ते जरा नरमले. पण पुढे तिनं सांगितलं की दिवे दोन प्रकारचे आहेत. एक उपयोगी पडेल असं वाटतं तो. दुसरा बहुधा काहीच करणार नाही असा. कुणाला कुठला हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि ते तिला स्वतःलाही कळत नाही.

"म्हणजे निम्म्या लोकांच्या पिशवीत तुम्ही जाणूनबुजून खोटं माप घालता."

"दुसरं पारडं रिकामं ठेवलं तर तोलू कशाशी?" ती म्हणाली.

ज्याला आपल्याकडे उत्तर नाही असा माणूस साहेबांना नेहमीच जास्त संशयास्पद वाटायचा. त्यात अटी होत्या: मनगटावर झोपेतली हालचाल टिपणारा एक पट्टा बांधायचा, दिवा कसा दिसतो ते डॉक्टरीणबाईंना सांगायचं नाही, आणि दुसऱ्या पेशंटशी दिव्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ज्या धंद्यात गिऱ्हाइकांनी एकमेकांशी बोलायचं नाही त्या धंद्यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती. ते उठायच्या बेतात होते. पण शेजारी बाई बसल्या होत्या. डोळ्याभोवतीचा काळा डाग आता पिवळा पडायला लागला होता. "घेऊ या की," त्या म्हणाल्या. साहेबांनी सही केली. सही थरथरली, त्याचाही त्यांना राग आला.

दिवा आला. जेवणाच्या ताटाएवढी चौकोनी काच, मागे लोखंडी पाय. बटण दाबलं तर राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद तांबडा उजेड. साहेबांनी तो उलटा करून पाहिला. मागच्या स्क्रूवर सील होतं, तेही कागदाचं. "कागदाचं सील! हे तर माझी नात चहाच्या वाफेवर काढील," ते म्हणाले.

"मग काढू नका," बाई म्हणाल्या आणि मटार सोलायला बसल्या.

तसा रोजचा क्रम बसला. सकाळ-संध्याकाळ टेबलावर दिवा, समोर साहेब, शेजारी बाई. त्या भाजी निवडायच्या, पेपर मोठ्यानं वाचायच्या, मध्येच साहेबांची मान लवंडली की मटाराची शेंग फेकून मारायच्या. दुपारची पेंग कमी झाली. काही आठवड्यांनी एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, हल्ली रात्री तुमचा आवाज येत नाही. लाथा नाहीत, आरडाओरडा नाही. इकडून ऐकते ना मी."

"तुला झोप लागत असेल, म्हणून ऐकू येत नसेल."

"मला?" एवढंच म्हणून बाई गप्प झाल्या.

हे गप्प होणं साहेबांनी मनात टिपून ठेवलं. चांगलं झालं म्हणून सांगणारी माणसं त्यांनी आयुष्यात फार पाहिली होती, आणि त्यांतली बरीचशी काही तरी लपवत होती. त्यात एके दिवशी ते अंघोळीहून लवकर बाहेर आले तर बाई फोनवर होत्या. "हो डॉक्टर... नाही, त्यांना कळलेलं नाही... नको, मी नाही सांगणार." साहेब दिसताच फोन बंद. "कोण होतं?" "कुणी नाही, बालवाडीतली." बाई खोटं बोलल्या! इतक्या वर्षांच्या संसारात बाई त्यांच्याशी खोटं बोललेल्या त्यांना आठवत नव्हत्या. म्हणजे या दोघींचं काही तरी ठरलंय. दिवा खोटा आहे, हे बाईंना माहीत आहे, आणि म्हाताऱ्याचं मन राखायला त्या रोज सकाळी 'छान झोपलात' म्हणून सांगतायत. एकदा हा धागा हाती लागल्यावर सगळं कसं नीट जुळत गेलं. खऱ्या दिव्याला इतका मिणमिणता उजेड असतो का कुठे?

पुरावा चालत आला. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर येऊन बसला. धिप्पाड माणूस, मान ताठलेली. आजारानं आवाज बसून नुसती कुजबुज उरलेली. "हॉर्न गेला आमचा," असं तोच हसत सांगायचा. मनगटावर तसाच पट्टा. साहेब अट पाळून तोंड मिटून बसले होते. ड्रायव्हरला अटींचं काही नव्हतं.

"तुमचा दिवा कसा आहे हो साहेब? माझा म्हणजे समोरून फुल लाइट टाकून ट्रक यावा तसा!"

"पांढरा?" साहेबांच्या तोंडून गेलं.

"पांढराफटक. पण झोप काय लागते म्हणून सांगू! दिवसाही पेंग नाही. बहीण म्हणते, तू पुन्हा गाडीवर जा."

काटेसाहेबांना इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांचा अंदाज बरोबर होता. ते फसवले गेले होते.

त्याच आठवड्यात तांबडा दिवा कापडी पिशवीत घालून, बाईंना 'जरा पाय मोकळे करून येतो' सांगून, ते टॅक्सीनं ड्रायव्हरच्या घरी गेले. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. खाली रबराचा वास, वर भिंतीवर जुन्या बसचं एक स्टिअरिंग टांगलेलं. बहीण बाहेर गेली होती. साहेबांनी वाटेत पुष्कळ मुद्दे जुळवले होते. तुम्हाला आता बरं वाटतंय, तुमचं काम झालंय. माझ्या घरात बायकोला इजा झाली आहे. थोडे दिवस अदलाबदल केली तर कुणाचं काय जातंय. त्यांनी पहिला मुद्दा मांडायला सुरुवात केली.

"न्या की," ड्रायव्हर म्हणाला.

"अं?"

"न्या तुम्ही. तो तुमचा इकडं ठेवा."

"बदल्यात काय पाहिजे?"

"चहा घेऊन जा. आणि अधूनमधून येत जा. दिव्यासमोर एकट्याला तास जाता जात नाही."

परतीच्या टॅक्सीत काटेसाहेब पिशवी मांडीवर धरून बसले आणि त्यांना घाम फुटला. इतक्या सहज दिला? हसत हसत? चांगली वस्तू कुणी अशी देतो का? कदाचित पांढराच खोटा असेल, आणि या माणसाला ते कुठून तरी समजलं असेल. त्यांनी टॅक्सीवाल्याला गाडी वळवायला सांगितली. दोन गल्ल्या मागे गेल्यावर पुन्हा सरळ घरी घ्यायला सांगितली. टॅक्सीवाल्यानं आरशातून त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं.

"हा कुठला?" घरी बाईंनी विचारलं.

"बदलून मिळाला."

बाईंची सगळी नोकरी चार-पाच वर्षांच्या पोरांच्या थापा ऐकण्यात गेली होती. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पेपर उचलला.

पांढरा दिवा झगझगीत होता. त्याच्यासमोर बसलं की मान लवंडायची नाही, अंगात तरतरी यायची. साहेब दिवसभर घरात फेऱ्या मारू लागले. "याला म्हणतात दिवा," ते सारखं सांगायचे. "झोपही आता कशी शांत लागते."

"काल दोनदा ओरडलात," बाई म्हणाल्या. "परवा पलंगावरून खाली आलात. गादी होती म्हणून बरं."

"तुझा जीव त्या तांबड्यावर आहे."

पण आतून त्यांना ठाऊक होतं. स्वप्नं परत आली होती, आणि त्यांची तऱ्हा बदलली होती. आता धाड त्यांच्यावरच पडायची. ते दुकानात उभे, गल्ल्यामागे पिशवी दडवलेली, आणि दारातून कोणी तरी शांतपणे आत येतंय, चप्पल काढायला सांगतंय.

ड्रायव्हरकडे जायचं ते टाळत राहिले. शेवटी एका सकाळी गेले, ते मुख्यतः तांबड्यानं त्याचं काय झालंय हे बघायला. दार बहिणीनं उघडलं. ड्रायव्हर दिव्यासमोर खुर्चीत बसला होता. हनुवटी छातीवर, तोंडातून लाळ गळतेय, कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी.

"बघा ना हो," बहीण म्हणाली. "मध्ये किती चांगला झाला होता. आता पुन्हा दिवसभर पेंगतो. गुरुवारी चहा करताना उभ्या उभ्या डुलकी लागली, आधण हातावर सांडून घेतलं. मी म्हणते दिवा बिघडलाय, बदलून आण. तर ऐकत नाही."

ड्रायव्हर जागा झाला होता. त्यानं साहेबांकडे पाहून एक डोळा बारीक केला. "चालतंय गं," तो कुजबुजला. "दिव्याचा काय संबंध? मी आधीपासूनच धांदरट."

त्यानं बहिणीला काहीच सांगितलं नव्हतं. साहेबांच्या हातात चहा आला. तो न पिताच त्यांनी कप खाली ठेवला. भाजण्याचा आणि दिव्याचा संबंध होता की नाही, कोण सांगणार? पण कुणाच्या पिशवीतून काय काढून कुणाच्या पिशवीत घातलं होतं, ते सांगायला काट्याची गरज नव्हती.

बहीण आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "का दिलात मला?"

"तुम्ही मागितलात."

"एवढंच?"

"एवढंच." ड्रायव्हरनं खांदे उडवले. "साहेब, तुम्ही दारात उभे होतात ना, तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं हो."

काटेसाहेब तिथून घरी न जाता दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर रांग होती, ते रांगेत बसले. आपण काय बोलायचं हे त्यांना माहीत होतं, कारण पकडलेले दुकानदार काय काय बोलतात ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. आत गेल्यावर मात्र त्यांतलं काहीच न बोलता त्यांनी सरळ सांगितलं, "मी त्यांचा दिवा मागून घेतला. माझा त्यांना दिला. त्यांनी काही केलं नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं; ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हा दोघांनाही बाहेर काढावं लागेल," ती म्हणाली.

"त्यांना का? दंड मला करा."

"दंड नाही हो. मापच राहिलं नाही ना तुमच्या दोघांचं." ती खिडकीकडे बघत होती. "अटीत बसणारा एकेक माणूस शोधायला आम्हाला किती फिरावं लागतं."

साहेबांना हे समजलं. त्यांच्याइतकं कुणालाच समजलं नसतं. उठताना त्यांनी विचारलं, "माझी बायको तुम्हाला फोन करते. काय सांगते?"

"ते त्यांनाच विचारा."

घरी येऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. दिवा, टॅक्सी, ड्रायव्हरचा हात. बाईंनी ऐकून घेतलं. मग साहेबांनी फोनचं विचारलं. बाई थोडा वेळ टेबलावरची शेंगांची टरफलं एका बाजूला लोटत राहिल्या.

"मी माझ्या झोपेचं विचारत होते," त्या म्हणाल्या. "तो डोळा झाल्यापासून मला झोप नाही. इस्त्रीच्या खोलीत पडून राहते आणि इकडचा कानोसा घेते. ओरडलात तर धडकी भरते. ओरडला नाहीत तर श्वास चालू आहे ना, म्हणून दारात येऊन उभी राहते. डॉक्टर म्हणाली, त्यांना सांगा. म्हटलं नको, ते स्वतःलाच गुन्हेगार धरतील. आधीच धरलंय."

काटेसाहेबांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली खोल खड्डे होते. ते कधीपासून होते, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. बाकी सगळं बघितलं होतं.

अभ्यास संपला तेव्हा दवाखान्यानं सगळ्यांना बोलावलं, बाहेर काढलेल्या या दोघांनाही. डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं. पांढरा दिवा खरा, तांबडा नुसता तुलनेला ठेवलेला, सोबतीचा. पांढऱ्यानं काही जणांची दिवसाची पेंग आणि रात्रीची झोप सुधारली, मात्र आशा होती तेवढी नाही. आणि तांबड्यावाल्यांतही बऱ्याच जणांचं बरं चाललं. ठरल्या वेळी उठणं, एका जागी बसणं, कोणी सोबत असणं, यांचा त्यात किती वाटा आहे ते अजून सांगता येत नाही. ज्यांना हवा त्यांना आता पांढरा दिवा मिळेल.

"साहेब, बरोब्बर ओळखलंत की!" ड्रायव्हरनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. साहेबांनी नुसती मान हलवली. आपण बरोबर निघालो याचा त्यांना पहिल्यांदाच कंटाळा आला.

गर्दी पांगल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना थांबवलं. "तुमच्या मनगटावरच्या पट्ट्यानं आधीच्या दिवसांत काय टिपलंय, ते बघायचंय? तांबडा होता तेव्हाचं?"

त्यांचा हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडे गेला. मग ते म्हणाले, "नको. घरी विचारतो."

घरी त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "शांत झोपत होतात. मी आधीच सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हरच्या बहिणीचा मुलगा टायरच्या दुकानातल्या दोघांना घेऊन आला आणि बाईंचा पलंग इस्त्रीच्या खोलीतून परत मोठ्या खोलीत लावला. साहेबांच्या पलंगापासून लांब, समोरच्या भिंतीला. मध्ये जमिनीवर ती जाड गादी. साहेबांनी पावलं टाकून अंतर पाहिलं, हात लांब करून पाहिला, पाय लांब करून पाहिला. "थोडा अजून सरकवा," ते म्हणाले. पलंग सरकवला. मंडळी गेली. बाईंनी चादर घातली, उशीला अभ्रा घातला, आणि बघू तरी मऊ आहे का म्हणून जरा आडव्या झाल्या. काटेसाहेब खुर्चीत बसून काही तरी बोलत होते. उत्तर येईना म्हणून पाहिलं तर बाईंना गाढ झोप लागली होती. तोंड अर्धवट उघडं, एक हात पलंगाबाहेर.

त्यांनी आधी बाईंचा श्वास नीट चाललाय ना ते पाहिलं. मग पडदा ओढला.

बेल वाजली. साहेब होईल तितक्या लगबगीनं गेले. पावलं अडकली, दाराशी क्षणभर खिळल्यासारखे उभे राहिले, मग दार उघडलं. ड्रायव्हर होता, काखेत आपला नवा पांढरा दिवा मारून. एकट्याला तास जाता जात नाही, म्हणून तो इकडेच आला होता. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"माझी काय काळजी करता," ड्रायव्हर कुजबुजला. "माझा हॉर्न गेलाय."

दोघं स्वयंपाकघरात बसले. संध्याकाळच्या तासाला अजून वेळ होता, पण दोघांनी आपापले नवे पांढरे दिवे टेबलावर शेजारी शेजारी मांडून लावून पाहिले. काटेसाहेबांनी डोळे बारीक करून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"माझा जरा मंद वाटतो," ते हळूच म्हणाले.

"हा घ्या मग."

"नको, नको. राहू दे," साहेब म्हणाले, आणि आवाज न करता चहाचं भांडं शोधायला उठले.